कुकव्वाचा वाटा

तुम्ही, ज्यांनी त्या कागदावर सही केली, तुम्ही त्या घराचा उंबरा कधी पाहिला नाही. तरी त्या घराला श्रीमंत ठरवलंत. चार माणसांच्या ताटातला तांदूळ काढून घेतलात आणि कारणाच्या रकान्यात एक कुत्रं लिहिलंत. हे तुमचं काम आहे. रेशन दुकानदाराचं नाही, घरोघर फिरलेल्या मास्तराचंही नाही. त्यांच्या आड लपू नका. आता त्या घराचं सगळं ऐकून घ्या, कारण तुमच्या फॉर्मात त्याला जागा नव्हती.

घर रेणुकाबाईचं. कलबुर्गीकडं, कन्नड मुलखातल्या मादन हिप्परग्याच्या पल्याड माळावर तीसेक घरांची वाडी आहे, तिच्यातलं अगदी कडेचं पत्र्याचं घर. नवरा मल्लेश पुण्याला एका इमारतीत वॉचमन. घरी सासू तुळजाबाई, नववीतली पोरगी प्रतीक्षा आणि रेणुकाबाई स्वतः. एकेकाळी ह्या घराची दोनशे मेंढरं होती. मग माळ तुकड्या-तुकड्यानं विकला गेला, तारेची कुंपणं पडली, मेंढरू उभं करायला जागा उरली नाही. तुळजाबाईच्या नवऱ्यानं कळप विकला, आणि दोन वर्षांत तो स्वतःही वारला. तेव्हापासून घर रोजगारावर. सुगीत लोकांची तूर काढायची, ज्वारी काढायची, मल्लेश महिन्याला पाठवील ते दोन हजार पुरवून खायचे.

मजुरीत मिळालेली ज्वारी होळीपर्यंत पुरे, मग सकाळच्या भाकरीपुरती उरे. पुढं पावसाळा सरेपर्यंत बीपीएल कार्डावरचा तांदूळ. महिन्याला वीस किलो, तीन रुपये किलोनं. हा तांदूळ होता म्हणून रेणुकाबाई वाडीत होती. तो नसता तर तिला मल्लेशच्या मागं पुण्याला जाऊन बांधकामावर विटा वाहाव्या लागल्या असत्या, प्रतीक्षाची शाळा सुटली असती, आणि डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी एकटी मागं राहिली असती. वाडीतली अकरा घरं अशीच कुलपं लावून गेली होती. तांदूळ तुटला की बारावं कुलूप हिच्या दाराला लागणार, हे तिला रोज सकाळी उठल्यावर ठाऊक असायचं.

आता कुत्र्याचं.

दोन हजार नऊच्या दिवाळीला मल्लेश आला तेव्हा त्याच्या काखेत एक पांढरं, केसाळ, मांजराएवढं कुत्रं होतं. त्याच्या इमारतीतला कॉम्प्युटरवाला साहेब बायकापोरं घेऊन अमेरिकेला निघाला होता. साहेब म्हणाला, "मल्लेश, दोन वर्षं सांभाळ. खर्च माझा भाऊ देईल. फक्त दर महिन्याला हिशेब लिहून द्यायचा." बाईसाहेबांनी कुत्र्याला काय काय लागतं त्याची यादीच करून दिली होती. कुत्रीचं नाव कुकी.

तुळजाबाईनं तिला हातानं चाचपून बघितलं. जन्मभर लांडग्याशी भिडणारी कुत्री पाळलेली बाई ती.

"ह्ये लांडग्याला भिवीवनार का लांडगा ह्येला टोपीत घालून नेनार रं?"

"अव्वा, हिला काम न्हाई. ही नुस्ती ऱ्हाती."

"नुस्ती ऱ्हाती? मग साहेबाची पावनीच म्हन की."

शेजारची सिद्धव्वा दारात येऊन बघून गेली. "कापसाचं बोंड हाय का कुत्रं? वेचून घिऊन जाऊ का?" म्हणून हसली. कुकी हे नाव वाडीच्या तोंडात बसेना. म्हातारीनं आठ दिवसांत तिची कुकव्वा करून टाकली. पण त्या पहिल्याच संध्याकाळी म्हातारीनं आणखी एक गोष्ट केली. आपल्या ताटातली भाकर मोडली आणि अर्धी कुत्रीपुढं ठेवली.

ह्या अर्ध्या भाकरीचा अर्थ तुम्हाला कळायचा नाही, म्हणून सांगावा लागतो. मेंढरांचा कळप खतासाठी शेतकऱ्याच्या रानात बसायचा, तेव्हा सकाळी शेतकरी धान्याचं माप घेऊन यायचा आणि विचारायचा, माणसं किती, कुत्री किती? माणसाला शेरभर, कुत्र्याला अर्धा शेर. रात्रभर राखण कुत्र्यानं केली, तर त्याचं माप वेगळं पडलं पाहिजे. धनगर कुत्रं कधी लपवत नसे, आणि जो शेतकरी कुत्र्याचं माप चुकवी त्याच्या रानात पुन्हा बसत नसे. एकदा वाटा लागला की ते जनावर मरेपर्यंत घरातलं. त्याला वाट्यातून काढलं असं तुळजाबाईच्या चार पिढ्यांत झालेलं नव्हतं.

खर्चाची वही रेणुकाबाईनं घातली. सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलेली, अक्षर गोलदार. बाईसाहेबांच्या यादीवरून तिनं महिन्याचा अंदाज मांडला. कुत्र्याची बिस्किटं एकशेसाठ. दूध रोज पाव लिटर, दीडशे. अंडी आठ, बत्तीस. गोचिडाची पावडर चाळीस. अंगाचा साबण अठ्ठेचाळीस. इंजेक्शनं वर्षाची सहाशे, म्हणजे महिन्याला पन्नास. एकूण चारशे ऐंशी. हा आकडा लिहिताना तिचा हात थांबला होता. प्रतीक्षावर महिन्याला एवढे कधी लागले नव्हते.

तीन महिने साहेबाच्या भावानं पैसे दिले, आणि तीन महिने कुकव्वानं बिस्किटं खाल्ली. चौथ्या महिन्यात भाऊ बंगळूरला गेला. साहेबाचा फोन लागेना. कुकव्वा भाकरीवर आली, आणि भाकरीवरही शेपूट हलवायची ती हलवतच राहिली.

पण रेणुकाबाईनं वही थांबवली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तेच आकडे ती लिहीत राहिली. बिस्किटं एकशेसाठ, दूध दीडशे. होय, खोटं लिहीत होती. न आणलेल्या दुधाचे पैसे मांडत होती. साहेब कधीतरी येईल, सगळी बाकी एकदम देईल, त्यात प्रतीक्षाचं दहावीचं होईल, असा तिचा विचार. ह्यात तिची चूक आहे, ती झाकायची नाही. पण अमेरिकेतल्या माणसाला फसवायला केलेल्या त्या वहीवर दुसऱ्या कुणी विश्वास ठेवील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात घरोघर पाहणी आली. महादेवप्पा मास्तर भर दुपारी दारात उभे राहिले, घामानं चिंब. दोन दिवसांत ऐंशी घरं करायची होती त्यांना. फॉर्म कन्नडमधला. रेणुकाबाईला कन्नड बोलता यायचं, पण वाचता यायचं नाही.

"मन्याग एष्ट मंदी?" मास्तरांनी विचारलं. मग घर मराठी बोलणारं आहे हे ध्यानात येऊन मराठीत आले. "घरात खानारे किती, अक्का?"

आतनं म्हातारीच ओरडली, "पाच!"

"पाच? कार्डावर चारच हायत की."

"पाचवी ही काय, तुमच्या पायापाशी बसल्याली."

मास्तर खाली बघून हसले. "अज्जी, कुत्र्याला मोजायचं नसतंय."

"कामून? ती काय वारा खाती का?"

मास्तरांनी चारच लिहिले. पण पान उलटलं आणि थांबले. घरात काय काय आहे ते भरायचं होतं. टीव्ही नाही, फ्रिज नाही, मोटारसायकल नाही. शेवटी 'इतर' अशी रिकामी ओळ होती. "हे जातीचं कुत्रं दिसायलंय. हिच्यावर खर्च काय व्हतोय तुमचा?"

इथं घात झाला. मायलेकी असल्यासारखं सासूसुनेच्या मनात एकच आलं. कुत्र्याचं विचारायलाय, म्हणजे हा माप घालणार. साताठ वर्षांमागं मेंढरांत रोग आला होता तेव्हाही सरकारचा माणूस आकडे विचारून गेला होता, आणि ज्यांनी भीतभीत कमी सांगितले त्यांना कमी मिळाले होते. विचारणारा देणारा असतो, एवढंच ह्या घराला माहीत. रेणुकाबाई आत गेली, पेटीतून वही काढली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"सगळं लिव्हून ठिवलंय, सर. महिन्याचं महिन्याला."

मास्तरांनी पानं चाळली. "चारशे ऐंशी? दर महिना?"

"व्हय," ती म्हणाली. लाजली, पण म्हणाली.

त्यांनी बारानं गुणलं. पाच हजार सातशे साठ. पाणी प्यायले, कुकव्वाच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि पुढच्या घरी गेले. म्हातारी खूश होती. "बगितलंस? आता तिचं बी माप यील."

श्रावणात रेणुकाबाई पोतं घेऊन रेशन दुकानात गेली. दुकानदार गुरुपादय्यांनी यादीवर बोट फिरवलं, खालपर्यंत नेलं, परत वर आणलं. चष्मा काढला.

"रेणुकक्का, तुमचं कार्ड एपीएलला गेलंय."

"म्हंजी?"

"म्हंजी तुमी गरीब न्हाई आता. तांदूळ येत न्हाई तुमच्या नावावर."

"कोन म्हन्लं, अय्या?"

"वरून यादी आलीय. कारन लिव्हलंय बगा." त्यांनी कन्नडमधलं मराठीत करून वाचलं. "घरात विदेशी जातीचं कुत्रं. त्येच्यावर वर्षाला पाच हजार सातशे साठ रुपये खर्च."

 रांगेत हसू फुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कुत्र्याला दूध पाजवत्यात, मानसाला तीन रुपयाचा तांदूळ कशाला पायजे?" सिद्धव्वासुद्धा हसली.  ते खोटं आहे असं ओरडावं, तर वही तिच्याच अक्षरातली. रिकामं पोतं घडी घालून तिनं काखेत धरलं.

गुरुपादय्या दुकान सोडून तिच्या मागं बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. "अक्का, मनाला लावून घिऊ नगा. तालुक्याला जाऊन अर्ज द्या. आन कुत्रं कुनाला तरी दिऊन टाका. ते नसलं की कारनच ऱ्हात न्हाई."

संध्याकाळी मल्लेशला फोन लावला. तिकडं लिफ्टची घरघर ऐकू येत होती.

"सोडून दे कुटं तरी," तो म्हणाला. "बाजारात सोड. न्हाईतर तुला हितं यावं लागतंय. हितं मी जिन्याखाली झोपतोय, रेणुका. तुला आन पोरीला कुटं ठिवू?"

"अव्वाला काय सांगू?"

 "काय बी सांग," म्हणून त्यानं फोन ठेवला.

म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. "सोड म्हंतोय तर सोड. तुज्या लेकराच्या शाळंपुढं मी आडवी येनार न्हाई. पर मला रोज भाकर मोडायची सवं लागलीय. ती अर्धी कुनापुढं ठिवू, तेवढं सांगून जा."

प्रतीक्षा पुस्तकात तोंड घालून बसली होती. पान मात्र तिनं उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाईनं कुकव्वाला बाजारच्या पिशवीत बसवलं, फक्त तोंड बाहेर ठेवलं, आणि बस धरली. तिच्या मनात ठरलेलं होतं. ऑफिसात आधी खरं सांगायचं. त्यांनी ऐकलं तर दोघी परत. नाही ऐकलं तर बाजाराच्या तोंडाशी पिशवी उघडायची आणि मागं न बघता गाडीत बसायचं.

कंडक्टरनं विचारलं, "हिचं हाफ फाडू का अक्का?" लोक हसले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तालुक्याच्या ऑफिसात दोन तास बाकड्यावर गेले. मग बसवंतप्पा क्लार्कांनी आत बोलावलं. पन्नाशीचा माणूस, कपाळावर गंध, टेबलावर फायलींचा ढीग. तिनं सगळं सांगितलं. साहेब, अमेरिका, यादी, तीन महिने. शेवटी तेही सांगितलं जे सांगायला तिची जीभ उचलत नव्हती.

"वहीतलं खोटं हाय, साहेब. मी पैशाच्या आशेनं लिव्हत गेले."

"बाई, आता कसं म्हन्ता खोटं हाय? तुमीच दिलंय ना मास्तरला?" बसवंतप्पा वैतागले. "कॉम्प्युटरला गेलं ते गेलं. वरच्या साहेबांची सही झाली. कुत्रं न्हाई म्हनून पंचायतीचं पत्र आना, मग बगू."

तेवढ्यात पिशवीतून कुकव्वानं मान वर काढली. टेबलावर पुढचे दोन पाय ठेवले आणि क्लार्कांच्या हाताचा वास घेतला.

बसवंतप्पांचा चेहरा बदलला. "अरे, हेच का? लई गोड हाय की!" त्यांनी तिला उचलूनच घेतलं. "माजी धाकटी पोरगी वर्सभर मागं लागलीय असल्याच कुत्र्यासाठी. कलबुर्गीला सहा हजार सांगत्यात." त्यांनी आवाज उतरवला. "असं करा. हिला मला द्या. पंचायतीचं पत्र बित्र काय नको. फेरतपासणीत मी तुमचं नाव घालतो. पुढच्या महिन्याला तांदूळ चालू. तुमचं बी काम झालं, माजं बी."

रेणुकाबाई हिशेबाला पक्की होती. तिनं उभ्या उभ्या हिशेब केला. कुत्री बाजारात टाकायला नको. तांदूळ येतो. पोरीची शाळा राहते. म्हातारी एकटी पडत नाही.

"हिला काय घालसाल, साहेब?"

"आमच्याकडं काय कमी हाय? दूध हाय, अंडी हायत. ती बिस्किटं मिळत्यात ती आनू. डॉक्टर घरी येतोय." कुकव्वा त्यांच्या शर्टावर नाक घासत होती. तिला माणूस कळत नव्हता, हात कळत होता.

म्हणजे बाईसाहेबांची यादी ह्या माणसाच्या घरात खरी होणार होती. जे रेणुकाबाईनं दीड वर्ष खोटं लिहिलं, ते हा उद्यापासून खरोखर खर्च करणार होता, आणि त्याला कुणी विचारायला जाणार नव्हतं. तिच्या तोंडात 'घ्या' हा शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. मग तिनं विचारलं,

"साहेब, कुत्रं दिलं की मी गरीब व्हते?"

"तसंच समजा."

"आन आता, ह्या घडीला, मी कोन हाय?"

"आता रेकॉर्डला तुमी एपीएल."

"मजी माज्या घरात काय शिजतंय त्येचा संबंधच न्हाई. कुत्रं माज्या मांडीवर आसलं तर मी सावकार, तुमच्या मांडीवर आसलं तर मी भिकारी. तुमच्या एका पेनानं हे व्हतंय, तर कालच कामून न्हाई झालं?"

"बाई, आवाज खाली." बसवंतप्पांनी दाराकडं बघितलं. "मी मदत करायलोय तर तुमी..."

तिनं दोन्ही हात पुढं केले. त्या माणसानं कुत्री तिच्या हातात दिली. तिनं तिला पिशवीत ठेवलं, पिशवी खांद्याला लावली.  आपण आत्ता तांदूळ नाकारला, हे तिला पुरतं कळत होतं. घरी प्रतीक्षाला काय सांगायचं, तेही तिला ठाऊक नव्हतं.

"एक कोरा कागद द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"अर्ज लिव्हायचाय. तुमीच म्हन्लाव खोटं कॉम्प्युटरला गेलं. खरं बी जाऊ द्या की."

त्यांनी कागद आणि आपला पेन सरकवला, सुटका व्हावी म्हणून. ती टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून उभ्यानंच लिहू लागली. मागं रांग खोळंबली, कुणीतरी च्‌च् केलं. तिनं लिहायचं थांबवलं नाही. गोलदार अक्षर, मराठीत. लिहून झाल्यावर कागद त्यांच्या पुढं ठेवला, आणि त्यांना मराठी वाचायचा कंटाळा येईल म्हणून मोठ्यानं वाचला, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा.

"कुत्र्याचा महिन्याचा खरा खर्च. सकाळी अर्धी भाकर, माझ्या सासूच्या वाट्यातली. सासू तेवढी कमी खाते. दुपारी काही नाही. रात्री भाताच्या भांड्याला लागलेली खरपुडी, पाण्यात कालवून. ज्या दिवशी भात नाही त्या दिवशी तीही नाही. दूध नाही. अंडी नाहीत. साबण धुण्यातला उरलेला. गोचिड मुलगी हातानं काढते. वर्षातून एकदा पिसाळण्याचं इंजेक्शन, एकशे दहा रुपये, कारण वाडीत दुसऱ्यांची लहान लेकरं आहेत आणि त्यांना चावलं तर त्यांच्या आईबापांकडं दवाखान्याला पैसे नाहीत. हे एकशे दहा मी तुरीच्या मजुरीतून दिले. एवढाच खर्च नगद झाला."

 बसवंतप्पांनी कागद उलटा करून बघितला, पाठीमागं आणखी काही आहे का म्हणून. "हे मी कुटं भरू? ह्याला रकाना न्हाई."

"रकाना तुमी नगा भरू. ज्यांनी सही केली त्यांच्याकडं हा कागद न्या. हितं शिक्का मारा, मला पोच द्या. मी बाकड्यावर बसते, आज न्हाई झालं तर उद्या यीन, आन तांदूळ दिला न्हाई तरी उत्तर घेतल्याबिगर जानार न्हाई." तिनं पेन परत त्यांच्या हातात दिला. "ह्या कागदावर सा-सात वळी हायत. त्यातल्या कोन्त्या वळीनं आमी श्रीमंत झालो, तिच्याखाली त्यांना रेघ मारायला सांगा. आन खाली सही. कोन्ती वळ, साहेब? बोला की, कोन्ती?"